मोठ्या बोअरची फुशारकी आणि न मांडलेला हिशेब



आपल्या ग्वाल्हेरकर मराठी मंडळींच्या या पानावर गेले तीन आठवडे शिकारीचे जुने फोटो एकामागून एक येताहेत. लश्करच्या वाड्यांमधल्या ट्रंका उघडल्या गेल्यात असं दिसतं. फोटो छान आहेत, जपून ठेवा. माझी तक्रार फोटोंबद्दल नाही, त्यांच्याखाली लिहिलेल्या ओळींबद्दल आहे. प्रत्येक फोटोखाली तोच सूर: "आमच्या आजोबांची ५०० बोअरची डबल बॅरल! एका गोळीत वाघ आडवा!" खाली पन्नास अंगठे आणि पंचवीस "वा, काय जमाना होता!" एकाने ४७० टाकली की दुसऱ्याने ५७७ काढायची. लिलावात बोली चढावी तसे आकडे चढताहेत.

हे मी हसून सोडून दिलं असतं. पण गेल्या रविवारी अशाच एका फोटोखाली कोलोराडोला स्थायिक झालेल्या आपल्याच एका घरच्या नातवाने प्रश्न विचारला. यंदा तो तिथे एल्कच्या शिकारीचा रीतसर परवाना काढतोय. एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही दांडगं जनावर. तर आजोबांच्या तोडीची म्हणून .४५८ विंचेस्टर मॅग्नम घ्यावी का? आणि आपल्यातल्या अकरा जणांनी, ज्यांतल्या बहुतेकांनी मेळ्यातले फुगे सोडून कशावर नेम धरलेला नाही, त्याला लिहिलं: "घे घे, खानदानाचं नाव राख!" म्हणून हे लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं आधीच सांगतो. बोअरचा आकडा हा शिकाऱ्याचा गुण नाही. गोळी हवी तिथे जाणं हा गुण आहे. तो येतो पेलवेल अशा रायफलीतून आणि मोजूनमापून भरलेल्या काडतुसातून. ज्याला हे जमत नाही त्याची उधारी दुसरंच कुणीतरी फेडतं. बहुतेक वेळा जखमी जनावर, आणि कधीकधी माणूससुद्धा.

"तुम्ही कोण सांगणारे?" असं विचाराल, तर मी वाघ मारलेला नाही. मी कॉलेजात होतो तेव्हाच, १९७० साली, वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. मी बी.कॉम., सगळी नोकरी बँकेत. एनसीसीत .२२ हातात आली, पुढे रेंजवरची सवय राहिली. आणि निवृत्तीनंतर मुलीकडे अमेरिकेला जाणं होतं, तिथे तिच्या शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये काडतुसं भरायचं बाक आहे. त्या बाकावरचा तराजू सहा हिवाळे मी सांभाळलाय. कॅश मोजलेल्या माणसाला दारू मोजायला वेगळं शिकवावं लागत नाही.

आता त्या आकड्यांकडे वळू. १२ बोअरच्या बंदुकीतला बारा हा आकडा, नळीच्या मापाच्या शिशाच्या किती गोळ्या एका पौंडात बसतात त्यावरून आलेला. रायफलीचा हिशेब निराळा. तिथे .३७५ म्हणजे इंचाचे ३७५ हजारांश, साधारण साडेनऊ मिलिमीटर. ढोबळमानाने .३१८ ते .३७५ पर्यंतच्या रायफली मध्यम बोअरच्या, चारशेच्या पुढे मोठ्या.

आणि हे ४६५, ४७०, ४७५ असे विचित्र आकडे आले कुठून, ठाऊक आहे? १९०५-०७च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० बोअरवर बंदी घातली. फौजेच्या जुन्या बंदुकांचा दारूगोळा बंडखोरांच्या उपयोगी पडेल ही धास्ती. मग विलायतेतल्या कारखानदारांनी थोडंसं माप वाढवून नवे आकडे काढले. म्हणजे ज्या ४७०चा तुम्ही अभिमान मिरवताय, तो आकडा वाघाच्या ताकदीकडे पाहून ठरलेलाच नाही. तो सरकारी परिपत्रकातून पळवाट काढून ठरलाय! आपल्या साध्या .३१५चं कुळही तसंच. फौजेच्या .३०३वर नागरिकांना मनाई, म्हणून जुन्या ऑस्ट्रियन मॅनलिखर काडतुसाचा आधार घेतला गेला, आणि पुढे इछापूरच्या रायफल फॅक्टरीने त्यावर शिकारी रायफल बनवली. २४४ ग्रेनची गोळी, मध्यम बोअर, मध्यमवर्गीयाची रायफल. हिचा फोटो या पानावर एकानेही टाकलेला नाही. लाज वाटते का?

ज्यांना मोठी नावंच लागतात त्यांच्यासाठी नावं. जिम कॉर्बेटची लाडकी रायफल .२७५ रिग्बी, म्हणजे सात मिलिमीटर. मध्यम बोअरहूनही खाली. चंपावतच्या वाघिणीनंतर ती त्याला भेट मिळाली. जवळ मोठी .४५०/४०० होती, गरजेला तो ती काढायचा, पण आकड्यासाठी नव्हे. दक्षिणेतल्या नरभक्षकांमागे हिंडलेला केनेथ अँडरसन .४०५ विंचेस्टर वापरायचा, ती मध्यमच्या अगदी उंबरठ्यावरची. ही माणसं पायी फिरायची, एकटी फिरायची, आणि चुकलेल्या गोळीची किंमत स्वतःच्या अंगावर घ्यायची. आपल्या फोटोतले बहुतेक पाहुणे हत्तीवर किंवा मचाणावर बसलेले आणि खाली हाकेवाले. पाचशे बोअर कुणाला परवडत होता ते यावरून कळावं.

माझे आजोबा संस्थानच्या शिकारखान्यात कारकून होते. काडतुसं किती दिली, किती परत आली, याची वही त्यांच्याकडे. ते म्हणायचे, "बंदूक कोणती ते पाहुण्याला विचारावं, गोळ्या किती लागल्या ते मला विचारावं." 'एका गोळीत आडवा' म्हणून गाजलेल्या एका वाघापोटी त्यांच्या वहीत सात काडतुसं खर्ची पडली होती. त्यांतल्या काही वाघाला लागल्या, काही झाडांना. आणि जे जनावर लागून निघून गेलं आणि सापडलंच नाही, त्यासाठी वहीत रकानाच नव्हता.

तो रकाना नसल्याची किंमत सांगतो. कॉर्बेटने १९०७ साली मारलेली ती चंपावतची वाघीण. तिच्या नावावर ४३६ माणसं. मारल्यावर तिचा जबडा पाहिला तर उजवीकडचे वरचा आणि खालचा दोन्ही सुळे तुटलेले, जुन्या गोळीच्या जखमेने. नेहमीची शिकार धरता येईना म्हणून ती माणसांकडे वळली, असं कॉर्बेटने लिहून ठेवलंय. ती पहिली गोळी कुणी झाडली ते कुठल्याच फोटोखाली लिहिलेलं नाही. झाडणारा घरी जाऊन जेवला असेल. देणं फेडलं ते गवत कापायला गेलेल्या बायांनी.

मोठ्या बोअरने हे टळतं, असं म्हणणारे भेटतात. "लागली तर बसलीच, हात-पाय कुठेही लागू दे." साफ खोटं. पोटात किंवा पायात लागलेली गोळी .५०० असो की .३००, जनावर पळतं आणि दोन दिवसांनी कुठेतरी मरतं. उलट मोठ्या बोअरने ते जास्त होतं, कारण धक्का. .३०-०६ रायफल खांद्याला जेवढा धक्का देते, त्याच्या साधारण दुप्पट .३७५ देते, आणि .४५८ त्याच्याही पुढे. असे पाच बार झाले की शरीर शिकतं. चाप ओढायच्या आधीच डोळा मिटतो, खांदा पुढे येतो, नळीचं तोंड खाली जातं. हे भित्रेपण नाही, शरीरधर्म आहे. खात्री करायची तर मित्राला सांगा, मॅगझिनमध्ये न सांगता एखादं खोटं काडतूस मिसळ. बार होणार नाही, पण तुमची नळी कशी डुचमळते ते सगळ्यांना दिसेल. फुशारकीवर यापेक्षा स्वस्त औषध नाही.

तेव्हा कोलोराडोच्या चिरंजीवा, ऐक. .४५८ विंचेस्टर १९५६ साली निघाली ती हत्ती आणि आफ्रिकी म्हशींसाठी. एल्कसाठी .३०-०६ आणि १८० ग्रेनची चांगली गोळी पुरेशी आहे, तिथले असंख्य लोक वर्षानुवर्षं तीच वापरतात. मध्यम बोअरच हवा असेल तर .३५ व्हेलन बघ. .३०-०६ चीच पुंगळी, तोंड रुंद केलेलं, त्यात २२५ किंवा २५० ग्रेनची गोळी. १९२२पासूनचं काडतूस आहे, १९८०च्या दशकात रेमिंग्टनने फॅक्टरीतून काढलं. पुंगळ्या मिळायला त्रास नाही, धक्का सोसवतो. जर्मन ओढ असेल तर ९.३ x ६२, तीही १९०५पासूनची कष्टाळू रायफल. आणि उद्या अलास्काला अस्वलाच्या मुलखात जायचं झालं तर .३७५ हॉलंड अँड हॉलंड. १९१२ची, ३०० ग्रेनची गोळी. यापुढे जायचं कारण मला तरी सांगता येत नाही.

आणि आकड्याआधी रायफल खांद्याला लावून बघ. डोळे मिटून खांद्याला लाव, मग उघड. दुर्बिणीत पूर्ण गोल दिसला तर दस्ता तुझ्या मापाचा. मान लांबवावी लागली तर दुकानदाराला नमस्कार करून पुढे जा. दुर्बिणीसकट चार किलोच्या आसपासचं वजन चांगलं. हलकी रायफल डोंगर चढताना सुख देते आणि बार करताना वसूल करते. चाप स्वच्छ सुटला पाहिजे, काडतूस मॅगझिनमधून अडखळता कामा नये. बस, बाकी नक्षीकाम.

आता काडतूस. इथे दुसरा गट उभा राहतो: "फॅक्टरीचंच घ्यावं, घरी भरणं म्हणजे जुगाड." अमेरिकेत हे जुगाड नाही, कायदेशीर आणि रुळलेला छंद आहे, त्याची साधनं आणि छापील तक्ते दुकानात मिळतात. आणि फॅक्टरीचं तेवढं बरोबर, असंही नाही. त्याच .४५८चं उदाहरण घ्या. पुंगळी आखूड, दारू दाबून भरावी लागे. कालांतराने आत दारूचे गठ्ठे व्हायचे, वेग पडायचा. आफ्रिकेतल्या धंदेवाईक शिकाऱ्यांनी त्याच्या तक्रारी केलेल्या आहेत. आपल्याकडची जुनी गोष्ट उन्हाची. विलायती कॉर्डाइट दारूचा दाब उन्हाने वाढतो. तिकडच्या थंडीत ठीक असलेलं काडतूस आपल्या वैशाखात पुंगळी नळीत चिकटवून बसायचं. म्हणून कारखाने हिंदुस्थानसाठी दारू थोडी कमी घालून वेगळी काडतुसं काढायचे. म्हणजे काडतूस प्रदेशाप्रमाणे भरावं, हे त्यांनाही कळलं होतं.

घरी भरण्यात जादू काही नाही. काडतुसाचे चार भाग: पितळी पुंगळी, तिच्या बुडातली टोपी, दारू आणि गोळी. झाडलेली पुंगळी साफ करायची, साच्यातून काढून मूळ मापावर आणायची, टोपी बदलायची, लांबी वाढली असेल तर कापायची, दारू तोलून घालायची, गोळी ठरल्या खोलीवर बसवायची. पितळ प्रत्येक बाराला ताणतं. बुडाजवळ चकाकती रेघ दिसली की ती पुंगळी भंगारात. एक मौज सांगतो. ही टोपी दोन जातींची असते. बॉक्सर हा इंग्रज, पण त्याची टोपी अमेरिकेत रुजली. बर्डान अमेरिकन, त्याची युरोपात. बॉक्सरला पुंगळीच्या मध्यावर एकच भोक, सुईने जुनी टोपी ढकलली की निघते. म्हणून घरी भरणाऱ्याने बॉक्सरचीच पुंगळी घ्यावी.

वजन ग्रेनमध्ये. आपल्या मंडळींना हे परकं वाटायचं कारण नाही. जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा, आणि चांदीचा कलदार रुपयाही तेवढाच. म्हणजे .३०-०६ची १८० ग्रेनची गोळी वजनाने एक रुपया! .३७५ची ३०० ग्रेनची गोळी एक तोळा आठ मासे. एक ग्रेन म्हणजे अर्ध्या गुंजेच्या आसपास. आपल्या सराफ्यातला सोनार गुंजेवरून भांडतो, आणि आपण शिकारी म्हणवणारे चिमटीने दारू घालणार? .३५ व्हेलनच्या आकाराच्या काडतुसात एक ग्रेन इकडेतिकडे झालं की वेग साधारण चाळीस-पन्नास फूट बदलतो.

दारूचा आकडा मी इथे मुद्दाम देत नाही. तो दारू किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या छापील तक्त्यातूनच घ्यायचा, कुणाच्या काकाच्या सांगण्यावरून नाही. तक्त्यातल्या कमाल आकड्याच्या दहा टक्के खालून सुरुवात, मग थोडंथोडं वर. बोल्ट उचलायला जड जाऊ लागला, टोपी चपटी पडली, की थांबायचं आणि मागे यायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दारू बदलली तर गोळी तीच, गोळी बदलली तर दारू पुन्हा खालून. बाकावर एका वेळी एकच डबा. सगळ्या पुंगळ्यांत दारू घातली की गोळी बसवण्याआधी दिव्याखाली एकेक डोकावून पाहायची, दुप्पट पडली नाही ना. बँकेत एकाने लिहिलेलं दुसऱ्याने तपासल्याशिवाय तिजोरी बंद होत नव्हती. इथे तर डोळ्यांचा प्रश्न आहे. आणि वही: तारीख, तापमान, दारू, गोळी, लांबी, निशाणीवर काय झालं. ऑगस्टच्या उन्हात जमलेलं काडतूस थंडीत पुन्हा झाडून बघ, तिकडचा शिकारीचा हंगाम बर्फातही असतो.

आता घरी भरणाऱ्यांतल्याही फुशारकीखोरांना दोन शब्द. ते बोअर सोडून वेगावर जातात, आणि तीन गोळ्यांचा नाण्याएवढा गट फोटोत दाखवतात. तीन चांगल्या दिवसांवरून शाखेचा वार्षिक नफा सांगण्यासारखं आहे ते. दहा झाड, सगळ्या मोज. आणि शिकारीत महत्त्वाची असते गार नळीतून सुटलेली पहिली गोळी. ती कुठे जाते ते वेगवेगळ्या दिवशी नोंदव. नुसता वेगही कामाचा नाही. १९४६ साली जॉन नोझलर हा अमेरिकन कॅनडात मूसच्या शिकारीला गेला. हातात जोरदार .३०० मॅग्नम, नेम बरोबर, पण गोळ्या चिखलाने माखलेल्या जाड कातडीवर फुटून वरवरच राहिल्या. त्याने वेग वाढवला नाही. मधे पडदा असलेली, पुढून पसरणारी पण मागून अखंड राहणारी गोळी घडवली. १९४८पासून ती विकली जातेय.

दोन आक्षेप येणार, त्यांचं उत्तर देऊन टाकतो. पहिला: "शिकारच पाप, मग रायफलीची चर्चा कशाला?" ज्याला तसं वाटतं त्याच्या मताचा मला आदर आहे. पण तो मुलगा परवाना काढून जाणारच आहे, तिथला कायदा त्याला परवानगी देतो, आणि तो घरच्या फ्रीजसाठी मांस आणणार आहे. आपण त्याला नीट सांगितलं नाही तर एक जनावर तडफडेल, एवढाच फरक पडतो. दुसरा: "तुम्ही पूर्वजांचा अपमान करताय." मुळीच नाही. माधवराव महाराजांनी वाघाच्या शिकारीवर स्वतः इंग्रजीत मार्गदर्शक पुस्तक लिहिलं होतं, १९२०चं. ज्या संस्थानचा राजा या विषयावर पुस्तक लिहीत होता, त्या संस्थानच्या वारसांनी नुसत्या आकड्यांवर नाचावं, अपमान तो आहे.

आणि इथल्या मंडळींना ताकीद. वरचं सगळं तिकडच्या मुलासाठी आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस तयार करणं हा १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्यात थोडीफार शिकार परवान्याने उरली होती, ती १९९१च्या दुरुस्तीने संपली. २०१९पासून एका परवान्यावर दोनच शस्त्रं. तेव्हा ट्रंकेतून रायफलीबरोबर जी किनॉकची पिवळी काडतुसं निघाली म्हणून एकाने कौतुकाने फोटो टाकलाय, त्यांच्याशी खेळू नका. पितळ जुनं झालं की आपोआप तडकतं. हा रोग पहिल्यांदा लक्षात आला तो हिंदुस्थानातच, पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवलेल्या फौजी काडतुसांवर. घोड्यांच्या मूत्रातला अमोनिया पितळ फोडत होता. आपले जुने वाडे, खाली तबेले, वर ट्रंका. आणखी काय सांगू? ती काडतुसं झाडायची नाहीत, उघडायची नाहीत, नातवंडांच्या हातात द्यायची नाहीत. परवानाधारकाने पोलीस ठाण्यात विचारून रीतसर जमा करायची.

माझी मागणी एवढीच आहे. यापुढे इथे शिकारीचा फोटो टाकताना बोअरबरोबर आणखी तीन गोष्टी लिहा: गोळ्या किती झाडल्या, जनावर किती वेळाने पडलं, आणि हाक्याला गेलेली माणसं कोण होती. ठाऊक नसेल तर "ठाऊक नाही" असं लिहा, पण 'एका गोळीत' लिहू नका. आणि ज्या अकरा जणांनी त्या मुलाला "घे घे" लिहिलंय, त्यांनी आपापली ओळ आज काढून टाकावी. त्याचा हंगाम दोन महिन्यांवर आलाय, त्याला रेंजवर जायला वेळ हवा.

मतभेद असतील तर खाली लिहा, उत्तर देईन. नुसता अंगठा नको.